कॉम्पोझिट प्रायमरी की कशी ठरवायची: महाराष्ट्र एक्सप्रेसच्या उदाहरणाने

नवीन टेबल बनवायला घेतलं की बहुतेकांचा हात सवयीने पहिला कॉलम टाकतो: आयडी, इंटिजर, ऑटो-इन्क्रिमेंट, म्हणजे आपोआप वाढत जाणारा आकडा. काम चालतं. पण या टेबलातली एक रो म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न त्या आयडीमुळे विचारायचाच राहून जातो आणि पुढे कधीतरी एकाच गोष्टीच्या दोन रो सापडतात. की म्हणजे एक रो बाकी सगळ्या रोंपासून वेगळी ओळखून देणारा कॉलम किंवा कॉलमांचा संच. टेबलाची मुख्य म्हणून निवडलेली की ती प्रायमरी. दोन किंवा जास्त कॉलम मिळून बनलेली की, म्हणजेच कॉम्पोझिट की, ठरवायला बसलं की हा प्रश्न टाळता येत नाही. माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, मग शेवटी तुम्ही तिला प्रायमरी करा किंवा नका करू.

उदाहरणाला 11039 महाराष्ट्र एक्सप्रेस घेऊ. दुपारी कोल्हापूरहून सुटते आणि पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर करत दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोहोचते. खालची टेबलं या लेखापुरती मांडली आहेत. रेल्वेची खरी आरक्षण यंत्रणा आतून अशीच असेल असं समजू नका.

पायरी 1: एक रो म्हणजे काय, ते एका वाक्यात लिहा

'गाड्या' या टेबलात एक रो म्हणजे एक गाडी. तिथे गाडी क्रमांक पुरतो, कॉम्पोझिटची गरज नाही.

आता 'फेऱ्या' हे टेबल. एक रो म्हणजे एका गाडीची एका दिवसाची फेरी. गाडी क्रमांक रोज तोच येतो, म्हणून तो एकटा चालणार नाही. एका तारखेला शेकडो गाड्या सुटतात, म्हणून तारीखही एकटी चालणार नाही. दोन्ही मिळून मात्र एकच फेरी दाखवतात. की झाली: गाडी क्रमांक आणि तारीख.

पण कोणती तारीख? कोल्हापूरहून 10 तारखेला निघालेली गाडी नागपूरला 11 तारखेला येते. नागपूरला चढणाऱ्याच्या लेखी प्रवासाची तारीख 11. त्याच 11 तारखेला कालची 11039 अजून विदर्भातून जात असते आणि आजची 11039 कोल्हापूरहून सुटते. एका क्रमांकाच्या दोन गाड्या, एकाच तारखेला. चढण्याची तारीख कीमध्ये घेतली, तर एक फेरी दोन रोंमध्ये फुटते आणि दोन वेगळ्या फेऱ्या एका रोमध्ये मिसळतात. म्हणून कीमध्ये जायला हवी ती गाडी पहिल्या स्टेशनवरून सुटल्याची तारीख. चढण्याची तारीख तिच्यावरून काढता येते: 'थांबे' टेबलात प्रत्येक स्टेशनसमोर 'दिवस 1' किंवा 'दिवस 2' लिहून ठेवायचं. त्या टेबलाची की गाडी क्रमांक आणि थांब्याचा क्रम.

कॉलमला नुसतं 'तारीख' असं नाव देऊ नका. 'सुटण्याची_तारीख' लिहिलंत, तर पुढच्या माणसाला हा सगळा विचार पुन्हा करावा लागणार नाही.

पायरी 2: एकेक कॉलम काढून बघा

एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल मॉडेल मांडलं, त्या निबंधातच ही अट आहे: कीमध्ये एकही फालतू कॉलम नको. ही अट शोभेची नाही. समजा, कुणी 'फेऱ्या'च्या कीमध्ये गाडीचं नावही घातलं. की आणखी पक्की झाली असं वाटतं, प्रत्यक्षात ती ढिली झाली. एका रोमध्ये 'महाराष्ट्र एक्सप्रेस' आणि दुसरीत 'महाराष्ट्र एक्स्प्रेस' असं लिहिलं गेलं, तर एकाच फेरीच्या दोन्ही रो डेटाबेस बिनबोभाट घेईल. कीमध्ये जितके जास्त कॉलम, तितकी डुप्लिकेटला शिरायला जागा जास्त.

नाव या टेबलात कीबाहेर साध्या कॉलममध्ये ठेवणंही चुकीचंच. ते फक्त गाडी क्रमांकावर ठरतं, तारखेशी त्याचा संबंध नाही. कीच्या एका तुकड्यावर अवलंबून असलेली माहिती तिच्या स्वतःच्या टेबलात गेली पाहिजे. सेकंड नॉर्मल फॉर्म म्हणतात तो हाच नियम. की एकाच कॉलमची असेल तर हा घोळ होत नाही. कॉम्पोझिट कीच्या टेबलात तो पहिल्यांदा तपासायचा.

पायरी 3: सगळ्यात अडचणीचं उदाहरण घेऊन की मोडून बघा

आता आरक्षण. पहिला अंदाज सगळ्यांचा सारखाच येतो: गाडी क्रमांक, सुटण्याची तारीख, डबा, बर्थ. एस-4 मधला बर्थ 23 एका फेरीत एकालाच मिळणार, मग झालं की!

नाही झालं. कोल्हापूरहून आलेला प्रवासी पुण्याला उतरला की तोच बर्थ पुणे ते नागपूर दुसऱ्याला देता येतो. ही की ते दुसरं आरक्षण नाकारेल. मग सुचतं, चढण्याचं स्टेशन पाचवा कॉलम म्हणून घालू. आता दुसरं आरक्षण बसतं, पण नको तेही बसतं: एकाला कोल्हापूर ते नागपूर आणि दुसऱ्याला पुणे ते गोंदिया. चढण्याची स्टेशनं वेगळी, म्हणून कीची हरकत नाही. आणि पुण्याच्या फलाटावर एका बर्थसाठी दोघं भांडत उभे.

की फक्त 'हुबेहूब तेच' ओळखते, एकमेकांवर चढणारे पल्ले तिला कळत नाहीत. उपाय असा की रो म्हणजे काय ते वाक्यच बदलायचं: एक रो म्हणजे एका फेरीतला एक बर्थ, लागोपाठच्या दोन थांब्यांमधल्या एका टप्प्यापुरता. की होते गाडी क्रमांक, सुटण्याची तारीख, डबा, बर्थ, टप्पा. कोल्हापूर ते पुणे तिकीट काढलं की वाटेतल्या प्रत्येक टप्प्याची एक रो, सगळ्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे भरल्या तर सगळ्या, नाहीतर एकही नाही. दुसऱ्या कुणी त्यातला एकही टप्पा मागितला की डुप्लिकेट की म्हणून त्याचं अख्खं ट्रान्झॅक्शन मागे फिरतं. दोन खिडक्यांवर एकाच क्षणी बटण दाबलं गेलं तरी निकाल डेटाबेस देतो. 'आधी बर्थ मोकळा आहे का बघ, मग भर' अशा कोडला ही खात्री देता येत नाही, कारण बघणं आणि भरणं यांच्यामध्ये दुसरा घुसू शकतो.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. 2025 मध्ये आलेल्या 18 व्या आवृत्तीत प्रायमरी कीच्या शेवटच्या कॉलममध्ये रेंज (इथून तिथपर्यंतचा पल्ला) देऊन 'विदाउट ओव्हरलॅप्स', म्हणजे पल्ले एकमेकांवर चढू नयेत, असं लिहिता येतं. मग टप्प्यांच्या रो पाडायची गरज राहत नाही.

यावरही आरएसी उरतेच. साइड लोअर बर्थवर दोघं बसतात. तेव्हा कीमध्ये बर्थच्या जोडीला 'जागा' हवी की आरएसी वेगळ्या टेबलात टाकायची, हे तुम्ही ठरवा. कागदावर अर्धा तास असं भांडून घ्यावं, टेबलात लाखो रो पडल्यावर की बदलणं फार महागात पडतं.

पायरी 4: स्कीमात लिहा

दोन कॉलमच्या शेजारी दोनदा 'प्रायमरी की' लिहिलं की एरर येतो, कारण त्याचा अर्थ दोन वेगळ्या प्रायमरी की असा होतो. सगळे कॉलम संपल्यावर शेवटी एकदाच लिहायचं: प्रायमरी की (गाडी_क्रमांक, सुटण्याची_तारीख). यातला कुठलाच कॉलम नल, म्हणजे रिकामा, असू शकत नाही. अपवाद एसक्यूलाइटचा: जुन्या चुकीशी सुसंगत राहण्यासाठी तिथल्या साध्या टेबलात कॉम्पोझिट कीच्या कॉलममध्ये नल चालून जातो, म्हणून तिथे 'नॉट नल' हाताने लिहा.

पायरी 5: कॉलमचा क्रम ठरवा

डुप्लिकेट रोखायला क्रमाने काही फरक पडत नाही, वेगाला पडतो. कीमागे जो इंडेक्स तयार होतो तो टेलिफोन डिरेक्टरीसारखा आधी पहिल्या कॉलमने लावलेला असतो. वरच्या क्रमाने '11039 च्या या महिन्यातल्या फेऱ्या' झटकन मिळतील. 'आज सुटणाऱ्या सगळ्या गाड्या' विचारलं तर त्या इंडेक्सचा नीट उपयोग होणार नाही, तारखेवर दुसरा इंडेक्स लावावा लागेल.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये आणखी एक गोष्ट. तिथे रो प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवल्या जातात आणि बाकीच्या प्रत्येक इंडेक्समध्ये प्रायमरी कीचे कॉलमही जाऊन बसतात. पाच कॉलमची की असेल तर हे ओझं प्रत्येक इंडेक्सवर पडतं.

पायरी 6: फॉरेन की जोडताना

फॉरेन की म्हणजे एका टेबलातून दुसऱ्या टेबलातल्या रोकडे बोट दाखवणारे कॉलम. ती रो खरंच आहे का, हे डेटाबेस तपासतो. 'फेऱ्या'कडे बोट दाखवणाऱ्या टेबलात दोन्ही कॉलम हवेत आणि फॉरेन की त्या जोडीवर एकत्र. दोन वेगळ्या फॉरेन की चालणार नाहीत. त्यातला एक जरी कॉलम नल ठेवायची मुभा दिली, तर नल असलेल्या रोची तपासणी डेटाबेस सोडूनच देतो. म्हणजे अस्तित्वात नसलेला गाडी क्रमांक आणि तारीख नल, अशी रो गुपचूप आत जाते. दोन्ही 'नॉट नल' करा.

पायरी 7: प्रायमरी ठेवायची, की आयडीसोबत युनिक?

नैसर्गिक की, म्हणजे गाडी क्रमांकासारखी खऱ्या माहितीतूनच आलेली की, कधी बदलणार नाही असं वाटतं. भारतीय रेल्वेने डिसेंबर 2010 मध्ये गाड्यांचे चार आकडी क्रमांक पाच आकडी केले. अशा वेळी क्रमांक पाच टेबलांच्या कीमध्ये पसरलेला असेल तर 'ऑन अपडेट कॅस्केड'च्या, म्हणजे की बदलली की तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या रोही आपोआप बदलण्याच्या सोयीच्या, भरवशावर राहावं लागतं, आणि ओरॅकलमध्ये तर ती सोयच नाही.

माझा रिवाज असा. ज्या टेबलाकडे पुढे कुणी बोट दाखवत नाही, उदाहरणार्थ बर्थ-टप्प्यांचं टेबल किंवा दोन टेबलांना जोडणारं मधलं टेबल, तिथे कॉम्पोझिट प्रायमरी की, वर आयडी नाही. पीएनआरखालच्या प्रवाशांचंही तसंच: पीएनआर आणि प्रवाशाचा क्रम एवढी की पुरते. 'फेऱ्या'सारख्या टेबलावर मात्र आरक्षण, उशीर, डब्यांची रचना असं बरंच काही लटकतं. तिथे एका कॉलमचा आयडी प्रायमरी आणि गाडी क्रमांक व सुटण्याची तारीख या जोडीवर युनिक, म्हणजे तीच जोडी पुन्हा येऊ न देणारी अट. तो युनिक विसरलात तर पहिल्या दोन पायऱ्यांची मेहनत वाया गेली.

निवड कधीकधी फ्रेमवर्कच करून टाकतं. रेल्समध्ये कॉम्पोझिट प्रायमरी कीची सोय 2023 च्या 7.1 पासून आहे, जँगोमध्ये 2025 च्या 5.2 पासून. लाराव्हेलच्या एलोक्वेंटला ती अजून मुळात चालत नाही. तिथे मुकाट्याने आयडी ठेवा आणि टेबल बनवणाऱ्या त्याच मायग्रेशनमध्ये (स्कीमा बदलणाऱ्या फाइलमध्ये) युनिक लिहा. नंतर लावायला गेलात तर आधी आत शिरलेल्या डुप्लिकेट रो निस्तराव्या लागतात.