पार्कात देशी झाडं लावताय? आधी या चुका टाळा

पार्कात मुंबईची मूळ झाडं परत आणायची म्हणून हल्ली जागोजागी ग्रुप होतायत, चांगलंच आहे, पण दरवर्षी तेच तेच घोळ बघून वैताग आलाय म्हणून लिहितेय.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ५ जून. पर्यावरण दिन ना, मग त्याच वीकेंडला कुदळी घेऊन हजर! मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, नीट लागायला आणखी दिवस जातात, तोवर जमीन अशी कडक की पहारही आत जात नाही. पण माझा खरा राग वेगळाच आहे. वळवाच्या एकदोन सरी पडल्या की नेमकी याच सुमारास शेवळं, म्हणजे कंदातून येणारी आपली रानभाजी, वर येतात. एका कंपनीची टीम आली होती आमच्याकडे, नवे टीशर्ट, 'एरिया क्लीन' करायचं टार्गेट. करंजाखाली शेवळांचे तपकिरी-जांभळट कोंब आलेले, पान नाही काही नाही, नुसते दांडे, यांना वाटलं तण. खुरप्याने कंदासकट उकरून घमेल्यात! आमच्या मावशी पालघरमधल्या वाडा तालुक्याकडच्या, त्या लांबूनच ओरडत आल्या, "अरे बाबांनो, शेवळं आहेत ती, काकडं घालून भाजी करतात!" (काकडं म्हणजे एक आंबट रानफळ.) तोवर घमेलं भरलेलं. कंद परत पुरले, थोडेच जगले. आणि त्या जागी लावायला काय आणलं होतं, तर गुलाबी तबेबुया. मध्य अमेरिकेचं झाड. देशी जंगल म्हणे!

म्हणून माझा हट्ट असतो की पहिला पावसाळा काही लावायचंच नाही, नुसतं फिरायचं, फोटो काढायचे, रानहळद, तेरडा, जे आपलं आपण उगवेल तिथे काठी रोवून रिबन बांधायची. नवीन पोरं दुसऱ्याच रविवारी विचारतात, "ताई, लावणार कधी?" त्यांच्या हातात मी खुरपं देतच नाही, रिबनचं बंडल देते.

दुसरी चूक, घाणेरी (लँटाना, सगळीकडे पसरणारं परदेशी झुडूप) कोयत्याने वरून छाटणं. दिसायला मस्त साफ दिसतं, आधी-नंतरचे फोटो पण भारी येतात, पण पाऊस पडला की त्याच बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. माती बाजूला करून मूळ जमिनीखाली तीन-चार बोटांवर तोडायचं आणि झुडूप उलटं करून सुकायला टाकायचं, मुळं वर. वेळ लागतो, पाठ दुखते, त्याला इलाज नाही. काळी फळं धरायच्या आत करा, नाहीतर बुलबुल खातात आणि बिया पार्कभर पसरतात. आणि एका दिवसात अख्खा उतार मोकळा करू नका, पहिल्या जोरदार पावसात माती गटारात जाते आणि उरलेल्या जागेत रानमोडी, म्हणजे आणखी एक परदेशी तण, घुसते. एक पट्टा काढा, तिथे गवत-झुडपं धरली की पुढचा. घाणेरीत पक्ष्यांची घरटी पण असतात, बघून काढा.

सुबाभळीची (हेही परदेशी, झपाट्याने पसरणारं झाड) पिल्लं जुलैत माती ओली असताना हाताने उपटली तर मुळासकट येतात, तेव्हा आळस केलात तर पुढच्या वर्षी पहार लागेल. मोठं झाड मात्र परदेशी असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडू नका.

नर्सरीवाला 'देशी' म्हणाला म्हणून घेऊ नका. गुलमोहर मादागास्करचा, काशीद आग्नेय आशियातली. काटेसावर, पळस, पांगारा, तामण, कुंभा घ्या, आणि झुडपं घ्या हो, कुडा, करवंद, निरगुडी, सगळ्यांना फक्त झाडंच हवी असतात.

पालापाचोळा जाळू नका. रोप पिशवीसकट पुरू नका (हो, लोक पुरतात).

राहिलं पाणी. जुलैत लावलेलं रोप ऑक्टोबर हीटमध्ये माना टाकतं आणि मेमध्ये अर्धा ग्रुप गावाला असतो, पाईप कुणाकडे आहे तेही कुणाला माहीत नसतं. आम्ही उन्हाळ्याच्या पाळ्या जानेवारीतच नावासकट लिहून लावतो आणि पाईप वॉचमन काकांच्या केबिनमध्येच ठेवतो. पाळ्यांना नावं कमी पडली तर त्या वर्षी खड्डेही कमी.