स्पेलिंगच्या गोतावळ्यातून इंग्रजी शब्द

डिक्शनरीच्या क्रमाने शब्द पाठ करणाऱ्याची गाडी बहुधा सी किंवा डीपाशीच अडते. शेजारच्या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नसतो, त्यामुळे एक आठवला तरी दुसरा त्याच्या मागून येत नाही. त्यापेक्षा ज्या शब्दांत तीच दोन-चार अक्षरं येतात आणि तिथे तेच काम करतात, ते शब्द एका पानावर आणावेत. नुसतं दिसणं सारखं असून भागत नाही. उच्चार किंवा अर्थ, दोन्हींपैकी काहीतरी जुळायलाच हवं.

एक दोनशे पानी वही घ्या, शिवाय निळं आणि लाल पेन. एका पानावर एकच गोत, आणि त्यात फार तर दहा शब्द. रकाने चार: इंग्रजी शब्द, देवनागरीत उच्चार, अर्थ आणि स्वतः केलेलं छोटं वाक्य. गोताची सामाईक अक्षरं तेवढी लाल. उच्चार लिहिताना आपले ॲ आणि ऑ मनसोक्त वापरा. हिंदी छपाईत 'बैंक' असतं, आपण 'बँक' लिहितो, आणि मूळ उच्चाराला तेच जवळचं आहे.

अर्थाच्या रकान्यात मात्र इंदूरकर मराठी मुलांनी डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. भंवरकुआ भागातल्या क्लासमधल्या नोट्स हिंदीत, घरची भाषा मराठी, आणि काही शब्द दोन्हीकडे एकच पण अर्थ वेगळे. 'अमेंडमेंट'पुढे हिंदीत 'संशोधन' लिहिलेलं असतं, मराठी मूल त्याचा अर्थ रिसर्च असा घेतं. 'ऑब्जेक्शन'पुढे 'आपत्ति' दिसली की त्याला संकट वाटतं. 'एज्युकेशन'पुढची 'शिक्षा' तर सांगायलाच नको. म्हणून अर्थ कुठल्या तरी एकाच भाषेत लिहा, आणि ती भाषा ज्यात तुम्ही विचार करता ती असू द्या.

पहिलं पान के-एनचं करा, कारण ते सोपं आहे आणि नियमाला जवळजवळ अपवाद नाही. शब्दाच्या सुरुवातीला के आणि एन लागून आले की के मुका. नी म्हणजे गुडघा, नील म्हणजे गुडघे टेकणं, नीड म्हणजे कणीक मळणं, निट म्हणजे विणणं, नॉट म्हणजे गाठ, नॉक म्हणजे दार ठोठावणं, नकल म्हणजे बोटाचा सांधा, नॅक म्हणजे हातोटी. जुन्या इंग्रजीत हा के बोलला जायचा. साधारण सतराव्या शतकात तो तोंडातून गेला, कागदावर राहिला. आज त्याचा उपयोग डोळ्यांना होतो. केशिवायची 'नाइट' म्हणजे रात्र, के लागला की चिलखतातला सरदार. 'नॉट' आणि 'न्यू' यांचंही तसंच. अशा जोड्या त्याच पानाच्या तळाशी लिहून ठेवा, डिक्टेशनमध्ये हमखास येतात.

सगळ्यात जास्त गुण जातात ते ओ-यू-जी-एचमध्ये. टफ, थ्रू, दो, कॉफ, प्लाऊ, थॉट: चार अक्षरं तीच आणि उच्चार सहा. हे सगळे एका दिवशी एका पानावर घेतले की डोक्यात कालवाकालव होते, आणि 'थ्रू', 'दो', 'थरो' हे तिघं कायमचे एकमेकांत अडकतात. दिसायला सारखे पण अर्थ आणि उच्चार दोन्ही वेगळे असलेले शब्द निदान आठवडाभराच्या अंतराने शिका. आधी टफ, रफ, इनफ हे तीन घ्या आणि पक्के करा. मग टी जोडलेले.

या टीवाल्यांची एक युक्ती आहे आणि ती खरोखर कामाची आहे. थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट, सॉट हे भूतकाळ आहेत थिंक, बाय, ब्रिंग, फाइट, सीक या क्रियापदांचे. कॉट आणि टॉट हे कॅच आणि टीच यांचे. उच्चार सगळ्यांचा एकाच घाटाचा, मग ओ-यू लिहायचं की ए-यू? मूळ क्रियापद बघा. कॅच आणि टीचच्या स्पेलिंगमध्ये ए आहे, म्हणून भूतकाळातही ए-यू-जी-एच-टी. बाकीच्या पाचांत ए नाही, म्हणून ओ-यू-जी-एच-टी. बॉट की ब्रॉट हा गोंधळही तसाच सुटतो: ब्रिंगमध्ये आर आहे म्हणून ब्रॉटमध्ये आर, बायमध्ये नाही म्हणून बॉटमध्ये नाही.

पी-एचच्या पानासाठी पुस्तक लागत नाही. इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलच्या आसपास चक्कर मारा आणि दवाखान्यांच्या पाट्या वाचा: फार्मसी, फिजिओथेरपी, नेफ्रॉलॉजी. 'फ'साठी पी-एच दिसलं की शब्द बहुधा ग्रीकमधून आलेला. इथे अर्थही हाती लागतो. फोटो म्हणजे प्रकाश, फोन म्हणजे आवाज, ग्राफ म्हणजे लिहिणं, फोबिया म्हणजे भीती. एवढ्या चार तुकड्यांवर फोटोग्राफ, मायक्रोफोन, हायड्रोफोबिया असे कितीतरी शब्द उलगडतात. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या पाटीपाशी थोडं थांबा. ऑफ्थॅल्मॉलॉजी लिहिताना लोक पीनंतरचा एच गाळतात. शब्द तोडून लिहा: ओ-पी-एच, मग टी-एच-ए-एल, मग एम-ओ, मग एल-ओ-जी-वाय. एच दोनदा येतो. अपवाद शेपर्ड, म्हणजे मेंढपाळ: तिथे शीप आणि हर्ड हे दोन शब्द जोडलेत, पी आणि एच शेजारी आले एवढंच, म्हणून 'फ' नाही.

शब्दाच्या शेवटच्या एम-बीचं पान पटकन होतं: थम, कोम, लॅम, क्लाइम, लिम, क्रम. बी मुका. मराठीत आपण बॉम्ब आणि प्लंबर म्हणतो, पण इंग्रजीत बोलताना बॉम आणि प्लमर. टिंबर, चेंबर यांत एम-बी मुळातच मध्ये आहे, प्लंबरसारखं मागून ई-आर जोडून नाही, तिथे बी बोलायचा.

जी-एलचं गोत अर्थाचं आहे. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिमर, ग्लिसन, ग्लेअर, सगळ्यांत उजेड. आपल्याकडे झळकणं, झगमगणं, झळाळणं यांत झ येतो तसं. ग्लो म्हणजे मंद तेज, ग्लिटर म्हणजे लुकलुकती चमक, ग्लिसन म्हणजे ओल्या वस्तूची चकाकी, ग्लेअर म्हणजे डोळे दिपवणारा प्रकाश. पण याला नियम समजू नका. ग्लव्ह म्हणजे हातमोजा आणि ग्लू म्हणजे डिंक, त्यांचा उजेडाशी संबंध नाही.

उजळणी दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिन्याने. नुसतं वाचून उजळणी होत नाही, सगळं ओळखीचं वाटतं आणि फसगत होते. इंग्रजीचा रकाना पट्टीने झाका, मराठी अर्थावरून शब्द दुसऱ्या कागदावर लिहा, मग ताडून बघा. चुकलेल्या शब्दापुढे टिंब द्या. तीन टिंबं पडलेला शब्द त्या पानावरून काढून वेगळ्या पानावर न्या आणि त्याचं नवीन वाक्य करा. जुन्या वाक्यात तो रुळला नाही म्हणूनच चुकतोय.