कुत्र्याला बागेत न्यायचंय? आधी फाटकावरची पाटी वाचा

मुंबई-पुण्यात महापालिकेच्या बहुतेक बागांच्या फाटकावर कुत्र्यांना मनाई असल्याची पाटी असते. रखवालदार ओळखीचा आहे, पहाटे कोण बघतंय, असा हिशेब करून आत शिरू नका. एक तक्रार गेली की पुढे शहाण्यासारखं वागणाऱ्यांनाही फाटकावरच अडवतात. शिवाय उद्या वॉर्डात कुत्र्यांसाठी वेगळा कोपरा मागायला जाल, तेव्हा तीच तक्रार आपल्या विरोधात काढली जाते. पाटी पुसट असेल किंवा मुळातच नसेल, तर बाग ज्यांच्या अखत्यारीत आहे त्या उद्यान विभागाकडे विचारा. कुत्र्याचा परवाना देणारं खातं वेगळं असतं. परवाना हातात आहे म्हणून बागेत प्रवेश मिळतो, असं नाही.

सोसायटीच्या आवारातल्या बागेचं गणित निराळं आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, आणि बागेतून कुत्र्यांना सरसकट हाकलणंही मंडळाला मान्य नाही. वेळा मात्र ठरवता येतात. समितीशी भांडण्यापेक्षा मुलं खेळायला येण्याआधीची सकाळची वेळ आणि रात्री जेवणानंतरची वेळ लेखी मागून घ्या. तोंडी कबुली पुढच्या समितीला बांधून ठेवत नाही.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रा न्यायचाच नाही. कुत्र्याचा डिस्टेंपर हा आजार मांजरकुळातल्या वन्यप्राण्यांनाही होतो. 2018 मध्ये गीरमधल्या सिंहांच्या मृत्यूंमागे याच विषाणूचा हात होता. आणि बिबट्याच्या लेखी कुत्रा हे सोपं भक्ष्य. पुण्यातल्या टेकड्यांवर बरेच जण कुत्रे नेतात आणि वर गेल्यावर पट्टा काढतात. मोराच्या मागे धावलेला कुत्रा हाकेला येत नाही, हे तिथे रोज दिसतं.

पिल्लू असेल तर घाई नको. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास लसी सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, आणि शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे जाईपर्यंत दुसरे कुत्रे फिरतात त्या मातीवर पिल्लाला सोडू नये. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, वरवर पाहून काही कळत नाही. तोवर कडेवर घेऊन बाहेर न्या. गाड्यांचे आवाज, माणसं, मुलांचा गोंगाट यांची ओळख तशीही होते. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढे बूस्टर, मग पशुवैद्य सांगतील तसं दरवर्षी. लसीकरणाच्या वहीचा आणि परवान्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

पट्टा चार ते सहा फुटांचा, कापडी आणि रुंद घ्या. बटण दाबल्यावर लांब होणारा दोरीचा पट्टा गर्दीत वापरू नका: कुत्रा अचानक धावला की पातळ दोरी बोटं कापते, आणि खटका निसटला तर कुत्रा पाच मीटरवर पोचलेला असतो. गळपट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकीच सैल जागा ठेवा. घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, मागे सरकतो आणि मान बाहेर काढून घेतो. बहुतेक कुत्रे पळतात ते असेच. भित्र्या कुत्र्याला म्हणूनच हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, बरा. पट्ट्याचा फास मनगटात अडकवून तळव्यात धरावा, बोटांना गुंडाळू नये.

आता शी. फेरीला निघताना दोन पिशव्या आणि थोडा रद्दी कागद खिशात टाका, कारण दुसऱ्यांदा बसणारे कुत्रे कमी नाहीत. पिशवी हातावर उलटी चढवायची, उचलायचं, सुलटी करून गाठ मारायची. पातळ असेल तर वर कोरडी माती टाकून मिनिटभर थांबा आणि कागदाने खरवडून घ्या. झाडाच्या बुंध्याशी ढकलून देणं हा खास आपल्याकडचा उपाय, आणि तो चुकीचा. हे खत नव्हे. कुत्र्याच्या गोलकृमींची अंडी दोन ते चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात, मातीत वर्षानुवर्षं राहतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. त्यामुळे जंताचं औषध वेळेवर देणं हाही बागेच्या शिस्तीचाच भाग आहे. घरी आणून पिशवीशिवाय संडासात टाकणं सगळ्यात स्वच्छ.

समोरून दुसरा कुत्रा आला तर लांबूनच विचारा, "जवळ आणू का?" नकार आला तर बाजूने निघून जा, "आमचा काही करत नाही" हे उत्तर नव्हे. भेटवायचंच असेल तर पट्टे सैल ठेवा, दोन-तीन सेकंद हुंगू द्या आणि बोलावून घ्या. पट्टा ताणला की कुत्र्याचं अंग ताठ होतं आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. भटक्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते, म्हणून त्यांच्या कोपऱ्याच्या आधीच रस्ता ओलांडा. पळू नका, दगड उचलू नका.

उन्हाळ्यात फरशीवर हाताची उलटी बाजू सात सेकंद ठेवून पाहा. ठेववत नसेल तर कुत्र्याचे पंजेही भाजतील. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या लघवीतून लेप्टो होतो आणि तो माणसालाही लागतो. घरी आल्यावर कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा.

आणि कुत्रा कोणाला चावलाच, तर वाद नंतर. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला लावा आणि त्या माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी माणसाने इंजेक्शनं घ्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. तुमचा फोन नंबर आणि रेबीजच्या लसीचा कागद त्या माणसाला द्या. कुत्र्याला दहा दिवस घरात बांधून त्याच्यावर लक्ष ठेवा. खाणं सोडलं, वागणं बदललं तर लगेच पशुवैद्याला आणि चावलेल्या माणसालाही कळवा. जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.