डीएमएफ नको, पाणी घ्या: ॲल्युमिनियम फ्युमरेट बनवताना

एमएस्सीला असताना मी जस्ताचं एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून बनलेला सच्छिद्र स्फटिक) डीएमएफमध्ये, म्हणजे डायमिथाइल फॉर्ममाइड या द्रावकात, बनवायचे. ऑटोक्लेव्ह (तापवायचं घट्ट बंद भांडं) उघडला की सुक्या मासळीसारखा वास नाकात भरायचा. डीएमएफ तापून फुटतं, डायमिथाइल अमाइन सुटतं, त्याचा तो वास. शिवाय हे द्रावक प्रजननाला घातक. म्हणून नव्या मुलांना मी पहिलं एमओएफ ॲल्युमिनियम फ्युमरेटच करायला लावते. त्याला पाणी आणि 60 अंश पुरतात.

बीकरमध्ये 30 मिली पाणी 60 अंशांवर तापवा आणि 6.66 ग्रॅम ॲल्युमिनियम सल्फेट विरघळवा (18 पाण्याचे रेणू असलेलं). हे तुरटीचंच भावंड, स्वस्त आणि सहज मिळणारं. नायट्रेट घेऊ नका, सेंद्रिय पदार्थासोबत ते सुकवणं धोक्याचं. दुसऱ्या बीकरमध्ये 36 मिली पाण्यात 2.4 ग्रॅम कॉस्टिक सोडा हळूहळू टाका. गॉगल आणि हातमोजे हवेतच. मग त्यात 2.32 ग्रॅम फ्युमॅरिक आम्ल घाला. नुसत्या पाण्यात ते जेमतेम विरघळतं, सोड्यात मात्र द्रावण लगेच नितळ होतं.

आता ढवळत राहा आणि दुसरं द्रावण पहिल्यात थेंब थेंब सोडा, अर्धा तास घेऊन. एकदा घाईत मी सगळं एकदम ओतलं. खळीसारखा चिकट गोळा झाला आणि गाळायला दुपार गेली. सावकाश सोडलं की पांढरा साका छान बसतो.

खरं पाणी खातं ते धुणं, आणि हिशेबात नेमकं तेच सुटतं. साका सोडियम सल्फेट धरून ठेवतो. मी तीनदा धुते, दर वेळी थोड्या पाण्यात कालवून. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याचं पाणी फेकत नाही, बाटलीवर तारीख घालून ठेवते. पुढच्या घाण्याचं पहिलं धुणं त्यातच होतं. सल्फेट गेलं का हे बघायला शेवटच्या गाळणाचे चार थेंब घ्या, हायड्रोक्लोरिक आम्लाने आम्लधर्मी करा, मग बेरियम क्लोराइड टाका. गढूळ झालं नाही तर धुणं थांबवा. बेरियम विषारी आहे, ती परीक्षानळी वेगळ्या कचऱ्यात रिकामी करा.

साका 100 अंशांवर रात्रभर सुकवा. ओव्हन एका घाण्यासाठी लावू नका, दोन-तीन घाणे साठले की एकदमच लावा. हिशेबाने पूर्ण उतारा 3.16 ग्रॅम. तुमच्या वहीत उताऱ्याशेजारी आणखी एक रकाना आखा: ग्रॅममागे किती मिली पाणी गेलं. पुढच्या घाण्याला पहिल्यांदा तोच आकडा बघा.