मास्टर्सची सरासरी काढताना कट विसरू नका

एप्रिलमध्ये मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा सुरू झाली की फोंड्याला आमच्या घरी रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालू असतो आणि भाचा वहीत आकडे मांडत बसतो. एका खेळाडूची सरासरी सोपी. 2025 साली रॉरी मॅकिलरॉयने चार फेऱ्यांत 72, 66, 66, 73 असे फटके घेतले. बेरीज 277, भागिले 4, म्हणजे 69.25. बरोबरी सोडवायला खेळलेल्या प्लेऑफचा जादा होल यात धरायचा नाही.

घोळ होतो तो सगळ्या खेळाडूंची सरासरी काढताना. दोन फेऱ्यांनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेले खेळाडू बाहेर जातात. पहिले 50 आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे पुढे जातात. समजा, 90 जणांची पहिल्या दोन फेऱ्यांची सरासरी 74 आणि उरलेल्या 50 जणांची पुढच्या दोन फेऱ्यांची 71. भाच्याने लगेच 72.5 लिहिले. ‘बाबू, माणसं सारखी आहेत का?’ म्हटल्यावर त्याने खोडरबर घेतला. फेऱ्या मोजा: 180 आणि 100. 180 गुणिले 74 अधिक 100 गुणिले 71, भागिले 280. उत्तर 72.93.

दुसऱ्या स्पर्धेशी तुलना करायची असेल तर आधी पार, म्हणजे त्या मैदानावर एका फेरीला अपेक्षित असलेले फटके, वजा करा. मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टाचा पार 72 आहे, सगळीकडे तेवढाच नसतो.