मूळ फाईल पुसू नका

ऑडिओ एडिटिंग शिकायला लागले तेव्हा सुरुवातीलाच एक चूक झाली, तिची हळहळ अजून वाटते. दोन तासांच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग होतं. हार्डडिस्क भरत आली म्हणून वेव्ह (म्हणजे न आवळलेल्या, पूर्ण आवाजाच्या) फाईलींच्या १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट; यालाच बिटरेट म्हणतात) एमपीथ्री केल्या आणि मूळ फाईली पुसून टाकल्या. पुढे चांगल्या दर्जाची प्रत हवी झाली, तेव्हा त्याच एमपीथ्रीची ३२० केबीपीएस करून पाहिली. फाईल अडीचपट झाली, आवाज होता तसाच. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या कंपनांचं चित्र, उघडला, तर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर कात्रीने कापल्यासारखं सगळं रिकामं.

एमपीथ्री आकार कमी करते ती कानाला जाणवणार नाही असा भाग काढून. मोठ्या आवाजाशेजारी त्याच पट्टीतला बारीक आवाज झाकला जातो, त्याचा तपशील ती गाळते. गाळलेलं कुठेच साठवलेलं नसतं. त्यामुळे एमपीथ्रीची एएसी (असाच गाळणारा दुसरा फॉरमॅट) केली, तर एएसी सरस असूनही पहिली गाळणी तशीच राहते आणि वर दुसरी बसते.

सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी जागा खातो, १२८ ची एमपीथ्री जेमतेम १. फ्लॅक या फॉरमॅटमध्ये बहुतेकदा वेव्हच्या निम्म्याच्या आसपास जागा लागते, पण एक बिटही हरवत नाही. परत वेव्ह केली की मूळ आवाज जसाच्या तसा. म्हणून मी आता जपायची प्रत फ्लॅकमध्येच ठेवते आणि द्यायची प्रत दरवेळी तिच्यातूनच काढते. कुठेही वाजायला हवी तर एमपीथ्री. नुसतं बोलणं असेल तर ओपस हा फॉरमॅट: मोनोमध्ये ३२ केबीपीएसलाही बोलणं स्वच्छ ऐकू येतं. मात्र जुन्या प्लेअरवर ओपस चालेलच असं नाही, आधी विचारून घ्या.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. एमफोरए हा नुसता डबा आहे. आत एएसी असू शकते, नाहीतर काहीही न गाळणारी एएलएसी. नावावरून ठरवू नका, आत काय आहे ते पाहा. व्हिडिओतून आवाज वेगळा काढायचा असेल तर एफएफएमपेग या प्रोग्रॅमला नव्याने एन्कोड करायला (पुन्हा आवळायला) न लावता ऑडिओ ‘कॉपी’ करायला सांगा. काम झटपट होतं आणि दर्जा तसूभरही उतरत नाही.

फाईल देण्यापूर्वी हेडफोन लावून टाळ्या, झांजा आणि ‘स’, ‘श’ असलेले शब्द ऐका. बिटरेट कमी पडला असेल तर सहसा आधी तिथेच आवाज पाणचट, किणकिणता लागतो.