काखेच्या वासावर वाळा-नागरमोथ्याचं उटणं

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. काखेतल्या ग्रंथींच्या स्रावावर कातडीवरचे जिवाणू जगतात आणि तिथून दर्प सुरू होतो. त्यामुळे नुसतं सुवासिक काही फासून भागत नाही. साचलेला थर निघायला हवा आणि जिवाणूंची वाढ रोखायला हवी. पहिलं काम उटण्याचं, दुसरं तुरटीचं.

काष्ठौषधींच्या दुकानातून वाळा, नागरमोथा आणि कपूरकाचरी प्रत्येकी 50 ग्रॅम आणा. शिवाय मसूर डाळीचं पीठ 100 ग्रॅम, सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला 25 ग्रॅम आणि आंबेहळद 20 ग्रॅम.

खरी कटकट वाळ्याची. अख्खी जुडी मिक्सरमध्ये टाकली की मुळं पात्याला गुंडाळतात आणि मोटर तापते. कात्रीने अगदी बारीक तुकडे करा, कडक उन्हात दिवसभर वाळवा, मग मूठ-मूठ घेऊन थांबत थांबत दळा. नागरमोथ्याच्या गाठी आधी खलबत्त्यात फोडून घ्या. सगळं वस्त्रगाळच करा. साध्या चाळणीतून वाळ्याची कुसं सुटतात आणि काखेत टोचतात. कापडावर उरलेला चोथा फेकू नका. पुरचुंडी बांधून रात्रभर तांब्याभर पाण्यात ठेवा, सकाळी ते पाणी आंघोळीच्या बादलीत ओता.

आंघोळीच्या वेळी दोन चमचे उटणं पाण्यात कालवा. दिवाळीला दूध-साय ठीक, पण इथे नको, स्निग्धपणा काखेत राहतो. दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने चोळा आणि ओलं असतानाच धुवा; वाळल्यावर खरवडलं तर कातडी सोलवटते. आठवड्यातून तीनदा पुरे, एरवी साबण. कालवलेलं उरलं तर टाकून द्या, आंबतं. कोरडं उटणं काचेच्या बरणीत ठेवा. पावसाळ्यात डाळीच्या पिठाला जाळी धरते, तेव्हा निम्म्या मापानेच करा.

अंग पुसल्यावर तुरटीचा खडा ओला करून काखेत एकदाच फिरवा, वाळू द्या, मगच कपडे घाला. दाढीच्या ब्लेडने केस काढले असतील त्या दिवशी तुरटी नको, झोंबते.

लिंबू चोळायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मात्र ऐकू नका: लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की पोळल्यासारखे काळे चट्टे उठतात. उटणंही पहिल्यांदा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा. खाज किंवा पुरळ आलं तर वापरू नका. अंगाचा वास अचानक बदलला, तर आधी डॉक्टरांना दाखवा.